अमेरिकेच्या इमर्जन्सीत सगळे सारखे? त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या काही दिवसांत एकच मेसेज मला फॅमिली ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर आणि इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर असा सगळीकडून आलाय. मजकूर थोडक्यात असा, की अमेरिकेत १९८६ पासून कायदाच आहे, इमर्जन्सीत आलेल्या माणसाला परत पाठवता येत नाही, आधी उपचार मग पैसे, आपल्याकडच्यासारखं आधी डिपॉझिट भरा असलं काही नाही, त्यामुळे काळ्या आणि गरीब लोकांवर हॉस्पिटलात अन्याय होतो हा नुसता कांगावा आहे, मशीन काही रंग बघत नाही, आणि गर्दी होते ती फुकट्या लोकांमुळे. शेवटी "आपल्या लोकांना याच्याशी काही देणंघेणं नाही" हेही आहेच.

मी न्यू जर्सीत एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत रजिस्ट्रेशनला काम करते. नाव, पत्ता, इन्शुरन्स विचारायला येते ना ती बाई, ती मी. म्हणून एकेक मुद्दा घेते.

"कायदा आहे म्हणजे सगळ्यांना सारखे उपचार."

कायदा आहे हे अगदी खरंय, एम्टाला म्हणतात त्याला. मेडिकेअरचे (म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे) पैसे घेणाऱ्या ज्या हॉस्पिटलांत इमर्जन्सी विभाग आहे (म्हणजे जवळपास सगळीच) त्यांनी येईल त्याला तपासायचं, जिवाला धोका असेल तर प्रकृती स्थिर करायची, आणि आपल्याकडे सोय नसेल तर नीट दुसरीकडे पाठवायचं. पैशाच्या चौकशीसाठी तपासणी लांबवायची नाही. म्हणूनच आम्ही चाकांवरचा कॉम्प्युटर ढकलत नंतर पेशंटच्या बेडपाशी जातो, आधी काउंटरवर अडवत नाही. चांगला कायदा आहे, मनापासून सांगते.

पण तो आणावा का लागला ते मेसेजमध्ये नाहीये. शिकागोच्या कुक काउंटी या सरकारी हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी दुसऱ्या हॉस्पिटलांनी आपल्याकडे ढकललेल्या ४६७ पेशंटचा हिशेब १९८६ मध्येच छापला होता. त्यातले ८९ टक्के काळे किंवा हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकन वंशाचे) होते, ८७ टक्के लोकांना पाठवण्याचं कारण पुरेसा इन्शुरन्स नाही हे होतं, जवळजवळ चौथा हिस्सा पेशंट पाठवताना स्थिर नव्हते, आणि लेखी संमती घेतली होती फक्त ६ टक्क्यांची. म्हणजे ज्या कायद्याचा दाखला देऊन हा मेसेज भेदभाव नाहीच म्हणतोय, तो कायदा जन्मलाय याच भेदभावातून!

आणि कायद्यात "फुकट" कुठेच नाहीये. बिल येतंच, आणि बिलाची भीती पेशंटच्या आधी बेडवर येऊन बसते. मागच्या हिवाळ्यात पन्नाशीतला एक माणूस छातीत दुखतंय म्हणून आला, छपरं दुरुस्त करायचं काम करणारा, इन्शुरन्स नाही. ईसीजी झाला, रक्त घेतलं, डॉक्टर म्हणाले रात्रभर थांबा, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ताची तपासणी) परत बघायचंय. मी कॉम्प्युटर घेऊन गेले तर त्याचा पहिला प्रश्न, थांबलो तर किती होतील? मला तिथे उभ्या उभ्या आकडा सांगता येत नाही, मी मदतीचा फॉर्म दिला, समजावलं, नर्सने समजावलं, डॉक्टर परत येऊन बोलले. त्याने हातावरची सुई काढून घेतली, "डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध जातोय" त्या कागदावर सही केली आणि जॅकेट घालून निघून गेला. पुढे काय झालं मला माहीत नाही. कायद्याचं एकही कलम मोडलं गेलं नाही त्या रात्री.

याहून भयंकर उदाहरण डायलिसिसचं आहे आणि ते नीट समजून घ्या. किडनी निकामी झाली की साधारणपणे आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं. अमेरिकेत १९७२ च्या कायद्यामुळे यासाठी मेडिकेअर मिळतं, पण कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांना नाही. मग बऱ्याच राज्यांत ही माणसं काय करतात, तर शरीरात पाणी साठून श्वास लागेपर्यंत, पोटॅशियम हृदय थांबवण्याच्या पातळीला जाईपर्यंत घरी वाट बघतात आणि मग इमर्जन्सीत येतात, कारण तब्येत "पुरेशी वाईट" असेल तरच डायलिसिस. बरं वाटलं की घरी. काही दिवसांनी परत तेच. डेन्व्हर आणि ह्यूस्टनमधले असे पेशंट आणि सॅन फ्रान्सिस्कोमधले नियमित डायलिसिस मिळणारे तसेच स्थलांतरित यांची तुलना २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तर पाच वर्षांत मृत्यूचा धोका पहिल्यांना १४ पट निघाला. हॉस्पिटलात काढलेले दिवसही त्यांचेच कितीतरी जास्त, म्हणजे पैसासुद्धा वाचत नाही. कोलोरॅडोने २०१९ मध्ये नियम बदलून नियमित डायलिसिस सुरू केलं, त्यासाठी एम्टालात एक शब्दही बदलावा लागला नाही. कायदा फक्त मरणाच्या दारातून मागे ओढा म्हणतो, दारापर्यंत जाऊच नये याची सोय त्यात नाही.

"डॉक्टर रंग बघत नाहीत."

मुद्दाम बघत नाहीत हे मलाही मान्य आहे, मी ज्यांच्यासोबत काम करते ती माणसं जीव तोडून काम करतात. पण मोजमाप वेगळं सांगतं. लॉस एंजेलिसच्या एका इमर्जन्सीत हाताचं किंवा पायाचं हाड मोडलेल्या पेशंटांचे कागद तपासले, १९९३ ची गोष्ट, तर ५५ टक्के हिस्पॅनिक लोकांना वेदनेचं काहीच औषध मिळालं नव्हतं, गोऱ्यांत हे प्रमाण २६ टक्के. भाषेची अडचण असेल म्हणाल, तर अटलांटात २००० साली काळ्या आणि गोऱ्या पेशंटांचं तेच बघितलं, गोऱ्यांपैकी ७४ टक्क्यांना वेदनाशामक मिळालं, काळ्यांपैकी ५७ टक्क्यांना, आणि दुखतंय ही तक्रार दोघांच्याही कागदावर सारखीच नोंदलेली होती. मोडलेलं हाड एक्स-रेत दिसतं हो, तिथे नाटक करतोय असं म्हणायलाही जागा नाही! व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांना आणि रेसिडेंट डॉक्टरांना २०१६ च्या अभ्यासात विचारलं, तर साधारण निम्म्यांनी काळ्यांची कातडी जाड असते वगैरे खोट्या समजुतींपैकी निदान एक तरी खरी मानली, आणि ज्यांनी त्या मानल्या त्यांनी काळ्या पेशंटचं दुखणं कमी धरलं.

"मशीन रंग बघत नाही."

बघतं. कोविडमध्ये आपल्या प्रत्येकाच्या घरी ऑक्सिमीटर आलं ना, बोटाला लावायचं ते? ते लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश कातडीतून आरपार सोडतं आणि किती शोषला गेला यावरून ऑक्सिजन काढतं, आणि कातडीला रंग देणारं मेलॅनिनही प्रकाश शोषतं. मिशिगनच्या डॉक्टरांनी डिसेंबर २०२० मध्ये दाखवलं की ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्ताच्या तपासणीत ऑक्सिजन ८८ च्या खाली, असं काळ्या पेशंटांत ११.७ टक्के वेळा झालं आणि गोऱ्यांत ३.६ टक्के वेळा. आता इमर्जन्सीत ऑक्सिजन लावायचा की घरी पाठवायचं हे बरंचसं त्या आकड्यावर ठरतं, आणि माणूस धापा टाकत असला तरी स्क्रीनवर ९४ दिसतंय म्हटल्यावर तो मागच्या रांगेत जातो.

"गर्दी फुकट्यांमुळे होते."

इन्शुरन्स नसलेली माणसं इन्शुरन्सवाल्यांपेक्षा जास्त वेळा इमर्जन्सीत येतात असं अभ्यासांत दिसत नाही, उलट माझ्या त्या छपरं दुरुस्त करणाऱ्यासारखी येणंच टाळतात. आमच्याकडे कॉरिडॉरमध्ये जे स्ट्रेचर लागलेले असतात ते बहुतेक अ‍ॅडमिट झालेल्या पण वर वॉर्डात बेड मिळत नाही अशा लोकांचे. शिवाय इमर्जन्सी विभागच बंद होत गेलेत. शहरी भागांत १९९० मध्ये २,४४६ होते ते २००९ पर्यंत १,७७९ राहिले, आणि गरीब वस्तीला सेवा देणारे, नफा कमी असलेले विभाग बंद पडायची शक्यता जास्त होती. शिकागोची काळ्या वस्तीची साउथ साइड घ्या, तिथल्या शिकागो विद्यापीठाच्या हॉस्पिटलने मोठ्यांसाठीचं ट्रॉमा सेंटर (गोळी लागणं, अपघात अशा गंभीर जखमांवर उपचार करणारा खास विभाग) १९८८ मध्ये बंद केलं. २०१० मध्ये १८ वर्षांच्या एका मुलाला त्या हॉस्पिटलपासून हाकेच्या अंतरावर गोळी लागली, पण तिथलं ट्रॉमा सेंटर फक्त १६ वर्षांखालच्या मुलांसाठी, म्हणून अ‍ॅम्ब्युलन्सने त्याला कित्येक मैल लांब शहराच्या मध्यभागी नेलं आणि तो वाचला नाही. त्याच्या मित्रांनी, आसपासच्या लोकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, अटक करून घेतली, तेव्हा कुठे २०१८ मध्ये ते सेंटर परत सुरू झालं. यात कुणी कुणाला दारातून हाकललं नव्हतं, दारच हलवलेलं होतं.

"आपल्या लोकांना काय त्याचं."

हा मुद्दा वाचून मला सगळ्यात जास्त राग आला, कारण उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी आलेले आपले आईवडील माझ्याच समोर येतात. ऑक्सिमीटरला सावळं बोट सावळंच दिसतं, पासपोर्ट दिसत नाही. व्हिजिटर इन्शुरन्समध्ये आधीपासूनचा आजार बहुतेक वेळा धरत नाहीत, स्वस्त प्लॅन ठरावीक रक्कम देतात आणि बाकी सगळं बिल तुमच्यावर. बीपी, शुगर असलेल्या आईबाबांसाठी प्लॅन घेताना हे आधी वाचा, तिकीट काढतानाच.

दुसरं, दुखणं. नर्स विचारते शून्य ते दहात किती दुखतंय, आणि आपल्या काकू पोट धरून वाकलेल्या असताना म्हणतात, "काही नाही गं, थोडंसं, दोन म्हण." बाजूला मुलगा दोनच सांगतो आणि कॉम्प्युटरमध्ये दोन जातं. कृपा करून असं करू नका. काकू कालपासून जेवल्या नाहीत, झोपल्या नाहीत, जिना चढता येत नाहीये, हे शब्दांत सांगा. आणि दुभाषा मागा, फोनवर का होईना, हॉस्पिटलने तो फुकट द्यायचा असतो, मराठी दुभाषे मिळतात. सुनेसमोर सासऱ्यांना लघवीबद्दल बोलता येत नाही, दुभाष्याशी बोलतात, मी ऐकलंय.

आणि बिल आलं तर घाबरून ड्रॉवरमध्ये टाकू नका. ना-नफा हॉस्पिटलांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं, डिस्चार्जनंतरचं पहिलं बिल आल्यापासून २४० दिवस अर्ज करता येतो, आणि पहिले १२० दिवस तरी त्यांना कोर्टकचेरीसारखी कडक वसुली करता येत नाही. बिलिंगला फोन करून "फायनान्शियल असिस्टन्सचा अर्ज पाठवा" एवढंच म्हणा, आणि सोबत प्रत्येक गोष्टीचा वेगवेगळा हिशेब असलेलं बिल मागून घ्या.