गुडघ्याचे पॅड: स्नोबोर्डला हवेत, स्कीला नकोत, असे का?

नमस्कार. आपली प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि तिच्यामागची काळजी रास्त आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. स्नोबोर्ड शिकणाऱ्याने पहिल्या दिवसापासून गुडघ्यांना पॅड बांधावेत आणि स्की शिकणाऱ्याने त्यांवर पैसे घालवू नयेत, असे मी लेखात म्हटले होते. आपल्या मते हा सल्ला नेमका उलटा आहे. आपले एक सहकारी स्कीइंग करताना पडले आणि गुडघ्याचे लिगामेंट तुटून परतले. स्नोबोर्ड करणाऱ्या कोणाचे असे झाल्याचे आपण ऐकलेले नाही. बर्फ तोच आणि उतारही तोच असताना एकाच्या गुडघ्याला संरक्षण सुचवायचे आणि दुसऱ्याचा गुडघा वाऱ्यावर सोडायचा, हा बेजबाबदारपणा आहे, असे आपण लिहिले आहे. फेब्रुवारीत आपली मुलगी स्की आणि भाचा स्नोबोर्ड शिकायला गुलमर्गला जाणार आहेत. त्यामुळे आपल्याला या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष खरेदीसाठी हवे आहे, हे ध्यानात ठेवूनच लिहितो.

आपले निरीक्षण अचूक आहे. स्कीइंगमध्ये सर्वाधिक दुखापती गुडघ्यालाच होतात आणि त्यांत लिगामेंटच्या दुखापतींचा वाटा मोठा असतो. मात्र त्यावरून पॅड हवेत असे निष्पन्न होत नाही, कारण पॅडचे काम एकच आहे: बाहेरून बसणारा मार पसरवणे आणि थोडा शोषून घेणे. गुडघ्याची वाटी कडक बर्फावर आपटली, तर पॅड उपयोगी पडतो. आपल्या सहकाऱ्यांचे लिगामेंट बहुधा अशा मुक्या माराने तुटलेले नसणार; ते पिळाने तुटलेले असणार. पाय एका दिशेला अडकला, शरीर दुसऱ्या दिशेला गेले आणि मध्ये सापडलेला सांधा मुरगळला, तर त्यावर दोन इंच जाडीचा फोम बांधलेला असला काय आणि नसला काय, काहीच फरक पडत नाही.

हा पीळ कसा बसतो, हे थोडे जवळून पाहू, कारण सगळा मुद्दा त्यातच आहे. स्कीचा बूट घोट्याला जवळजवळ साच्यात बसवतो आणि बुटामागे स्कीचा मागचा भाग लांबवर पसरलेला असतो. शिकणाऱ्याचा तोल मागे जातो, नितंब गुडघ्यांच्या खाली येतात, डोंगराकडचा हात मागे पडतो आणि सगळा भार उताराकडच्या स्कीच्या आतल्या कडेवर, तोही मागच्या टोकाकडे येतो. ती कड बर्फात रुतली की स्कीचा मागचा भाग तरफेसारखा काम करतो आणि वाकलेला गुडघा आतल्या बाजूला फिरवतो. अमेरिकेतील व्हरमाँट येथील संशोधकांनी या प्रकाराचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि १९९५ मध्ये त्याविषयीचे एक महत्त्वाचे काम प्रसिद्ध केले. स्की गस्तीपथकांतील लोकांना आणि प्रशिक्षकांना त्यांनी ही धोक्याची स्थिती ओळखायला आणि त्यातून सावरायला शिकवले. प्रशिक्षण घेतलेल्या गटात गुडघ्याच्या गंभीर दुखापती ६२ टक्क्यांनी घटल्या. त्यांनी कोणालाही कसलेही पॅड बांधले नव्हते. हात पुढे ठेवा, पाय जवळ ठेवा, घसरण थांबेपर्यंत उठण्याची धडपड करू नका, पडल्यावर पाय ताठ करू नका, असे सांगितले होते. मुलीच्या गुडघ्यासाठी काही करायचेच असेल, तर पहिल्याच दिवशी प्रशिक्षकाकडून पडण्याचा हा सराव करून घ्यावा.

दुसरी गोष्ट बाइंडिंगची, आणि तिच्याकडे आपल्याकडचे पर्यटक हमखास दुर्लक्ष करतात. बूट स्कीवर धरून ठेवणाऱ्या या सापळ्याच्या पुढच्या आणि मागच्या भागावर एकेक छोटी खिडकी असते आणि तिच्यात आकडे दिसतात. ठरावीक जोर पडला की बूट सुटावा, यासाठी तो आकडा स्क्रूड्रायव्हरने जुळवतात. वजन, उंची, वय, स्की करण्याचे कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी, या पाच गोष्टींवरून तो ठरतो. वजन चारचौघांत सांगायला संकोच वाटतो म्हणून कमी सांगणारे लोक मी पाहिले आहेत. आकडा त्यामुळे चुकतो आणि बूट नको तेव्हा सुटतो. याउलट स्वतःला तरबेज म्हणवून घेतले, तर आकडा वाढतो आणि बूट सुटायला हवा तेव्हा सुटत नाही. भाड्याचा बूट चावतो म्हणून दुसऱ्या दिवशी बदलून घेतला, तर तळव्याची लांबी बदलू शकते आणि बाइंडिंग पुन्हा तपासावे लागते. अर्थात बाइंडिंगची रचना मुख्यतः नडगीचे हाड वाचवण्यासाठी झालेली आहे आणि वर सांगितलेल्या पिळात ते सुटेलच, अशी खात्री नसते. पण म्हणून ते चुकीच्या आकड्यावर ठेवावे, असे कोणी म्हणणार नाही.

आता भाच्याकडे वळतो. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असतात आणि पडल्यावरही ते सुटत नाहीत. त्यामुळे दोन गुडघे दोन दिशांना जाण्याचा प्रश्न बराचसा मिटतो, पण तोल गेला की पाय पुढे टाकून सावरण्याची सोयही उरत नाही. टाचेकडच्या कडेवर खाली घसरत असताना बोटांकडची कड बर्फात अडकली, तर माणूस थेट पुढे फेकला जातो आणि तळहात व गुडघे एकदमच आपटतात. उलट घडले तर माकडहाड आणि डोक्याची मागची बाजू. शिकाऊ माणूस दिवसभरात असा पुन:पुन्हा पडतो, आणि ज्या सौम्य उतारांवर शिकवतात ते इतरांच्या वर्दळीने दाबले जाऊन चांगलेच टणक झालेले असतात. शिवाय बांधण्या आवळताना आणि उठताना गुडघ्यांवर टेकावे लागते ते वेगळेच. हा सगळा मुका मारच आहे आणि पॅड त्याच्यासाठीच असतात. भाच्याला एक इशारा मात्र द्यावा: लिफ्टवरून उतरताना मागचा पाय मोकळा आणि पुढचा बांधलेला असतो, तेव्हा पुढच्या गुडघ्याला पीळ बसू शकतो आणि तिथे पॅड काही करू शकत नाही.

खर्चाला मर्यादा असेल, तर भाच्यासाठी हेल्मेटनंतर मनगटाचे संरक्षक आधी घ्यावेत, गुडघ्याचे पॅड त्यानंतर. नॉर्वेमध्ये पाच हजारांहून अधिक स्नोबोर्डर्सवर केलेली एक चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. मनगटाचे संरक्षक घातलेल्या गटात मनगटाच्या ८ दुखापती झाल्या, न घातलेल्या गटात २९.

‘घातल्याने तोटा तर नाही ना?’ हा आपला प्रश्न योग्य आहे. स्की करणाऱ्याला थोडा तोटा आहे. स्कीवर गुडघा सतत वाकलेला ठेवावा लागतो. मागे घट्ट पट्टा असला की नवशिका नकळत पाय ताठ करतो, त्याचे वजन मागे जाते आणि वर वर्णन केलेल्या स्थितीच्या तो जवळ जातो. औषधांच्या दुकानात मिळणारी लवचीक नी-कॅप ऊब देते, पण पीळ अडवत नाही. स्कीमध्ये खरा अपवाद टेलीमार्क प्रकाराचा आहे. त्यात टाच मोकळी असते आणि वळताना मागचा गुडघा जवळजवळ स्कीला टेकतो, म्हणून ती मंडळी कडक कवचाचे पॅड आवर्जून वापरतात. आपल्या मुलीच्या अभ्यासक्रमात टेलीमार्क असण्याची शक्यता कमीच.

भाच्याचे मोटारसायकलचे पॅड चालतील का, असेही आपण विचारले आहे. चालतील, फक्त आतले लेबल पाहावे. ईएन १६२१-१ या युरोपीय मानकात दोन स्तर आहेत: चाचणीतील ठरावीक आघातानंतर पॅडच्या पलीकडे पोहोचणारा सरासरी जोर पहिल्या स्तरात ३५ किलोन्यूटनपर्यंत आणि दुसऱ्यात २० पर्यंत चालतो. लेबलवर टी आणि पुढे उणे चिन्ह असेल, तर पॅडची उणे १० अंशांनाही चाचणी झालेली आहे. हे महत्त्वाचे आहे, कारण आघात होईपर्यंत मऊ राहणारे नवे फोम थंडीत कडक होतात. म्हणून पॅड पँटच्या आत, थर्मलवर घालावेत, म्हणजे अंगाची ऊब मिळते. व्हॉलीबॉलचे साधे पॅडही काहीच नसण्यापेक्षा बरे, पण ते पातळ असतात.

माप छापील तक्त्यावरून ठरवू नये. भाच्याला थर्मलवर पॅड आणि त्यावर बर्फात घालायची पँट घालायला सांगावे, घरातल्या फरशीवर गुडघे टेकवून चारदोन वेळा उठायला लावावे आणि मग वीसेक बैठका काढायला सांगाव्यात. एवढ्यात पॅडची वाटी गुडघ्याच्या वाटीवरून बाजूला सरकली किंवा मागे पट्टा रुतू लागला, तर तो पॅड उतारावर दुपारपर्यंतही जागेवर राहणार नाही. दुकानदाराची बदलून देण्याची मुदत संपण्यापूर्वी हे करून पाहावे.