भाकरीची लाज कधीपासून वाटायला लागली आपल्याला?

रात्रीचे साडेदहा वाजलेत. ओट्यावर सकाळी बांधलेलं गाठोडं तसंच पडलंय. बावीस कडक भाकऱ्या, डबाभर शेंगाची चटणी, चौदा धपाटे आणि स्टीलच्या बरणीत लागलेलं दही. दही आता आंबून गेलंय. बाकी सगळं जसंच्या तसं. नळदुर्गला जाऊन परत आलं, कुणी हात लावला नाही.

झोप येईना म्हणून लिहायला बसलेय. मनातलं सगळं लिहिणार आहे, कुणाला राग आला तर येऊ दे.

आज रविवार. दोन महिन्यांपासून ठरत होतं, आज जमलं. आम्ही चौघं आणि धाकट्या दिराकडचे पाच, असे नऊजण. बोरी नदीला पाणी आलंय, नर-मादी धबधबे सुरू झालेत असं कळलं, म्हणून नळदुर्गचा किल्ला ठरला. सोलापुरातून तासाभराचा रस्ता. गुरुवारीच भाकऱ्या केल्या, शनिवारी रात्री धपाटे. सकाळी गाडीत गाठोडं ठेवत होते तर धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, हे कशाला? आपण काय वारीला निघालोय का भाकऱ्या बांधून? रस्त्यात कुठंतरी जेवू की चांगलं."

वारीला! जणू वारीला जाणं म्हणजे काही कमीपणाचं आहे. पंढरपूरच्या जिल्ह्यात राहून हे बोलायचं. मी गप्प बसले. सकाळी सकाळी पोरांसमोर कशाला.

मग काय, हायवेवरच्या एका हॉटेलात थांबलो. रविवारची गर्दी. बसायला जागा मिळायला अर्धा तास, जेवण यायला त्याच्यापुढे पाऊण तास. पोरं भुकेनं कावलेली, धाकट्याचं डोकं टेबलावर. रोट्या आल्या तर भाजी नाही, भाजी आली तर रोट्या गार. नऊ माणसांचं बिल २,६४० रुपये. आणि किल्ल्यावर पोहोचलो तेव्हा आभाळ भरून आलेलं. बंधाऱ्याच्या पोटातल्या पाणीमहालात उतरून समोरून कोसळणारं पाणी बघायचं म्हणून पोरं आठवडाभर नाचत होती. जेमतेम लांबून बघितलं आणि पावसानं गाठलं. परत गाडीत.

पण माझ्या जिवाला लागलं ते बिल नाही. हॉटेलात माझी लेक, आठवीतली, भुकेली होती म्हणून मी हळूच पिशवीतून एक भाकरी काढली. तर तिनं माझा हात धरला. "आई, इथं नको ना काढू. सगळे बघतायत."

सगळे बघतायत. बघू देत ना! चोरून आणलीय का आपण?

हे वाक्य माझं नाही, माझ्या आईचं आहे. तिचंच सांगायचंय.

मी नऊ वर्षांची असेन. वडील मागावर कामाला, आई घरी विड्या वळायची. आम्ही चार भावंडं, आजी, आई-वडील, असे सात. सहल वगैरे शब्द आमच्या घरात नव्हते. पण वर्षातून एकदा वडील कुठंतरी न्यायचे, एसटीनं. त्या वर्षी हाच किल्ला, हाच नळदुर्ग. आईनं दोन दिवस आधी विड्यांचं काम उरकून भाकऱ्या करायला घेतल्या. मला आजही दिसतं ते. पातळ थापलेली भाकरी तव्यावरून उतरली की ती चुलीच्या कडेला निखाऱ्याच्या धगीत उभी करून ठेवायची. एकामागं एक, जशा शाळेत पोरी रांगेत उभ्या राहतात. चूल विझल्यावरही त्या तिथंच. सकाळपर्यंत पापडासारख्या कडकडीत. मग वडिलांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधल्या. अठरा होत्या. मला मोजायला लावल्या होत्या म्हणून आकडा पक्का लक्षात आहे.

त्या अठरा भाकऱ्यांचं पुढं काय झालं ते सांगतेच. आधी मला एक विचारायचंय.

आपण सोलापूरकर आहोत ना? आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपली शेंगा चटणी पुण्या-मुंबईचे लोक मागवून घेतात. पाहुणे येतात तेव्हा निघताना विचारतात, "कडक भाकरी कुठं मिळेल हो, पाकिटातली?" आणि आपली स्वतःची पोरं तीच भाकरी चारचौघांत काढायला लाजतात. ही लाज त्यांना कुणी शिकवली? शेजाऱ्यांनी नाही, टीव्हीनं नाही. आपणच शिकवली. "घरचं काय खायचं बाहेर गेल्यावर" हे आपणच म्हणतो.

वेळ अमावास्येला नाही लाज वाटत कुणाला! मार्गशीर्षातल्या त्या दिवशी सगळे शेतात जातात. ज्यांचं शेत नाही ते ओळखीच्यांच्या शेतात जातात. झाडाखाली पंगत बसते, भज्जी, उंडे, आंबील, शेंगाच्या पोळ्या. नोकरीवाले, गाडीवाले, सगळे मातीत मांडी घालून जेवतात आणि वर फोटो टाकतात. मग उरलेल्या दिवसांत काय होतं? त्या दिवशी जे चालतं ते किल्ल्यावर का चालत नाही?

आणि या लाजेचा खरा फटका कुणाला बसतो ते सांगते. ज्याच्या खिशात अडीच हजार आहेत तो हॉटेलात जेवेल, त्याचं काही बिघडत नाही. पण ज्याच्या खिशात नाहीत तो पोरांना कुठं नेतच नाही. माझ्याकडे धुण्याभांड्याला येणारी बाई, तीन लेकरं तिला. मागच्या महिन्यात म्हणाली, "जावं वाटतं वहिनी, पण बाहेर गेलं की खाण्यावरच सगळं जातं." मी म्हटलं, घरून ने ना. तर म्हणाली, "पोरं नाही म्हणतात, लोक हसतात." तिची पोरं सिद्धेश्वर तलावाच्या पुढं कुठं गेली नाहीत अजून. एसटीचं भाडं तिला परवडतं. नुसत्या खाण्यापायी आणि लोक हसतील या भीतीपायी तीन लेकरांनी किल्ला बघितलेला नाही. मला याचा राग येतो, खूप राग येतो.

आजच्या गाठोड्याचा हिशेब मी केलाय. ज्वारीचं पीठ, शेंगदाणे, दूध, धपाट्याची पिठं, तेल, कांदे, गॅस, सगळं धरून चारशेच्या आत. नऊ माणसं, आणि संध्याकाळच्या चहाबरोबर खायलाही उरलं असतं.

हो, मला माहीत आहे, लगेच कुणीतरी म्हणेल की बाईला एक दिवस तरी चुलीपासून सुटी नको का. नको कशी, हवीच. हे मला मान्य आहे. पण मग त्या दिवशीचं आधी कुणी करायचं याची वाटणी करा ना. आमच्याकडे चटणी नवरा कुटतो. उखळात. शेंगदाणे मंद आचेवर भाजून सालं काढून देते मी, पुढचं लसूण, जिरं, तिखट, मीठ आणि मुसळ त्याच्या हवाली. तेल सुटेपर्यंत कुटायचं. मिक्सर लावायचाच असेल तर थांबत थांबत फिरवा, एकदम फिरवलात तर पार लगदा होतो आणि चवही जाते. पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, मग पंधरा दिवस बघायला नको.

कडक भाकरीचं तर सगळ्यात सोपं. ती सहलीच्या दिवशी करायचीच नसते. दोन-तीन दिवस आधी केव्हाही करा. गॅसवर करणाऱ्यांनी शेवटी तव्यावरच बारीक आच ठेवून फडक्यानं दाबत दाबत वाळवा. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, गरम भरली तर वाफ धरून मऊ पडते. पावसाळ्यात फडक्यात नको, घट्ट झाकणाच्या डब्यात न्या. ज्यांना वेळच नाही त्यांच्यासाठी बायका घरी करून विकतात, त्यांच्याकडून घ्या. त्यांच्याही घराला हातभार.

धपाट्याचं एक सांगते, बरेचजण तिथं चुकतात. प्रवासाला न्यायचे असतील तर कांदा घालू नका. त्याला पाणी सुटतं आणि उन्हात वास येतो. ज्वारीचं पीठ, थोडं गव्हाचं, थोडं बेसन, लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण, तीळ, हळद, बस्स. आणि दह्याची आईची युक्ती: दही न्यायचंच नाही. सकाळी निघताना दूध कोमट करून विरजण लावायचं आणि बरणी गाडीत ठेवायची. दुपारी जेवायला बसेपर्यंत आपल्या सोलापूरच्या उकाड्यात दही लागलेलं असतं, गोड आणि ताजं. लहान मूल सोबत असेल तर दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या घ्या, गूळ घाला. मऊ राहतात, तिखट नाहीत.

तर त्या अठरा भाकऱ्या.

दुपारी किल्ल्यात झाडाखाली बसून आम्ही आठ संपवल्या. उरलेल्या आईनं परत बांधल्या. संध्याकाळची एसटी पकडली आणि बोरामणीच्या अलीकडे गाडी बंद पडली. अंधार पडला. दुसरी गाडी येते म्हणाले, येईना. तेव्हा मोबाइल कुठले. गाडीत लहान पोरं रडायला लागली. एक म्हातारे आजोबा होते, त्यांना घेरी यायला लागली, सकाळपासून खाल्लं नव्हतं म्हणाले. आईनं फडकं सोडलं. वडील हळूच म्हणाले, "राहू दे की, लोक काय म्हणतील, कडक भाकरी काय वाटायची." तर आई म्हणाली, "म्हणू द्यात की. चोरून आणलंय का?"

मग तिनं एकेक भाकरी गुडघ्यावर धरून मोडली. तो आवाज मला आजही ऐकू येतो, कट्ट, कट्ट. प्रत्येकीचे चार तुकडे, तुकड्यावर चिमूटभर चटणी. वडिलांनी कांदे बुक्कीनं फोडले, एसटीच्या पायरीवर. आधी आजोबांना, मग पोरांना, मग ड्रायव्हर-कंडक्टरला. एक पांढऱ्या शर्टातला माणूस होता, हातात चामड्याची बॅग, तो आधी नको म्हणाला. नंतर त्यानं स्वतः येऊन दुसरा तुकडा मागितला. बाजूला एक तेलुगू बोलणाऱ्या बाई होत्या, त्यांनी त्यांच्या पिशवीतून चुरमुरे काढले. बघता बघता सगळ्या गाडीचं जेवण झालं. तासाभरापूर्वी भांडणारे लोक एकमेकांना पाणी देत होते.

आईनं शेवटी खाल्लं. काय खाल्लं? फडक्याच्या तळाशी भाकरीचा चुरा उरला होता. तो तिनं मुठीत गोळा केला, त्यात चटणी मिसळली आणि खाल्ला. माझ्याकडे बघून हसली. ती गेली त्याला आता अकरा वर्षं झाली. हे लिहिताना मला थांबावं लागलं.

बिचाऱ्या जावेवर मी वर फार चिडून लिहिलं. ती हे वाचेल, म्हणून पुढचंही लिहिते. परत येताना पोरं झोपली तेव्हा ती मला म्हणाली, "ताई, राग मानू नका. मी सहावीत असताना शाळेच्या सहलीला धपाटे नेले होते. सगळ्या पोरींनी ब्रेड-जॅम आणलेला. माझ्या डब्याला नाव ठेवून दिवसभर हसल्या. तेव्हाच ठरवलं, माझ्या पोरांवर ही वेळ येऊ द्यायची नाही."

मी काही बोलले नाही. तिचा हात धरून बसले फक्त. सकाळपासून मनात जे साठलं होतं ते तिच्याबद्दल तरी गेलं. ज्या पोरी तेव्हा हसल्या त्यांच्याबद्दल नाही गेलं. आणि त्यांना हसू नका असं न सांगणाऱ्या मोठ्यांबद्दल तर अजिबात नाही.

हॉटेलं चालू नयेत असं मी म्हणत नाही, त्यांचंही पोट आहे. कधी जा, हौसेनं जा. पण डब्याची लाज वाटते म्हणून जाऊ नका. आणि कुणी किल्ल्यावर, तलावावर, बागेत भाकरीचं गाठोडं सोडून बसलं असेल तर त्याच्याकडे तसं बघू नका. बघायचंच असेल तर जवळ जा, चटणी मागा.

आत्ता मी गाठोडं सोडलं. भाकऱ्या अजून कडक आहेत. पहिली मोडली तर आवाज ऐकून लेक खोलीतून उठून आली. काही बोलली नाही, समोर बसली, अर्धी उचलली. नवरा पण आला. कांदा चिरायला सुरी शोधत होता, मी म्हटलं थांब, आणि बुक्कीनं फोडून दाखवला.

पुढच्या रविवारी हत्तरसंग कुडलला जायचं ठरवतेय. भीमा-सीनेचा संगम, ते बहुमुखी शिवलिंग, आणि शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख. एवढा जुना शिलालेख आपल्या जिल्ह्यात आहे आणि माझ्या पोरांनी बघितलेला नाही. माझ्याकडची बाई आणि तिची तिन्ही लेकरं येणार आहेत, तिला उद्याच सांगते. धाकटी जाऊ धपाटे करणार आहे, तिनं स्वतःहून सांगितलंय. भाकऱ्या गुरुवारी मी करते, तीस करेन. अजून कुणाला यायचं असेल तर खाली लिहा. घरी जे असेल ते आणा, कांदे मात्र जास्त आणा. सुरी नको.