व्होल्टेज कमी आलं म्हणून बिल वाढत नाही

उन्हाळा लागला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: ‘आपल्याकडे मुद्दाम कमी व्होल्टेज देतात. पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट, त्यामुळे व्होल्टेज घटलं की करंट वाढतो. मीटर करंट मोजतो, म्हणून बिल फुगतं. शेतातल्या मोटारी जळतात हा त्याचा पुरावा. उपाय एकच, स्टॅबिलायझर लावा.’ यात एक सूत्र बरोबर आहे आणि एक तक्रार खरी आहे. त्यामुळेच लोकांना तो पटतो. म्हणून एकेक वाक्य घेऊन बघू.

‘व्होल्टेज घटलं की करंट वाढतो.’ वॅट = व्होल्ट × अँपिअर हे सूत्र खरंच आहे. पण व्होल्टेज घटल्यावर करंट वाढेल, हे त्यातून तेव्हाच निघतं जेव्हा वॅट ठरलेले असतात. गिझरच्या कॉइलला वॅट ठरलेले नसतात, तिचा रोध (करंटला होणारा अडथळा, रेझिस्टन्स) ठरलेला असतो. ओहमने 1827 साली मांडलेला नियम इथे लागतो: करंट म्हणजे व्होल्टेज भागिले रोध.

गिझरवर 2000 वॅट, 230 व्होल्ट असं छापलेलं असतं. 2000 ला 230 ने भागा: करंट 8.7 अँपिअर. आता 230 ला 8.7 ने भागा: रोध साधारण 26.4 ओहम. कॉइल तीच राहते, म्हणून हा आकडाही जवळपास तोच राहतो. व्होल्टेज 180 वर आलं तर करंट 180 भागिले 26.4, म्हणजे 6.8 अँपिअर. वाढला नाही, घटला. आणि पॉवर 180 गुणिले 6.8, म्हणजे सव्वाबाराशे वॅटच्या आसपास. व्होल्टेज जेमतेम बावीस टक्के पडलं, पॉवर मात्र जवळजवळ चाळीस टक्के पडली, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. इस्त्री, शेगडी, पाण्यात टाकायचा रॉड, सगळ्यांचं असंच.

मग गिझरचं बिल कमी होतं का? तेही नाही. पंधरा लिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर न्यायला सुमारे 0.61 युनिट लागतात. पूर्ण व्होल्टेजला अठरा मिनिटांत होतं, 180 व्होल्टला तीस मिनिटं लागतात. टाकीतून थोडी उष्णता जास्त वेळ निसटते तेवढाच फरक.

‘मीटर करंट मोजतो.’ फक्त करंट नाही. मीटर क्षणोक्षणीचं व्होल्टेज आणि करंट यांचा गुणाकार करतो आणि तो वेळेनुसार साठवत जातो. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट एक तास. चांगला ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारं आतलं सर्किट) असलेला 9 वॅटचा एलईडी दिवा कमी व्होल्टेजला खरोखर जास्त करंट ओढतो, कारण त्याचा ड्रायव्हर वॅट सांभाळतो. पण मीटरमध्ये गुणाकार जवळपास तोच येतो. पंखा तर हळू फिरतो आणि कमीच खातो.

आता मोटारींचं. हा मुद्दा गंभीर आहे, कारण मोटार जळणं म्हणजे वायंडिंगचा खर्च, आणि ऐन भरात पिकाचं पाणी थांबणं. पाच एचपीची थ्री फेज मोटार 415 व्होल्टला पूर्ण लोडवर साधारण साडेसात अँपिअर घेते. डीपीवर (भागाला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) भार चढून व्होल्टेज 330 वर आलं आणि लोड तसाच राहिला, तर करंट साडेनऊच्या घरात जातो. वायंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे दीडपटीहून अधिक. शिवाय सुरू होतानाचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. 330 ला तो त्रेसष्ट टक्केच उरतो. मोटार नुसता गूं-गूं आवाज करते, फिरत नाही, आणि अडकलेल्या अवस्थेत नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. अशा वेळी ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटार बंद करणारा) वायर टाकून बायपास केलेला असेल तर वायंडिंग गेलंच समजा. तेव्हा कमी व्होल्टेजने मोटार जळते हे शंभर टक्के खरं. पण त्यावरून बिल फुगतं हे सिद्ध होत नाही. जादा उष्णतेमुळे मीटरवर थोडी भर पडते, बस. आणि राज्यात कित्येक कृषिपंपांना मीटरच नाही, त्यांची आकारणी अश्वशक्तीवर होते.

‘स्टॅबिलायझर लावा.’ फ्रिजच्या कॉम्प्रेसरला जपण्यासाठी जरूर लावा. बिलासाठी नको. 180 चे 230 करून तो गिझरला पूर्ण 2000 वॅट देईल, पण त्यासाठी लाइनमधून 6.8 ऐवजी अकरा अँपिअरहून जास्त ओढेल, आणि स्वतःही थोडं खाईल. अख्ख्या गल्लीने स्टॅबिलायझर लावले तर लाइनचं व्होल्टेज आणखी खाली बसतं. त्याची झळ ज्याच्याकडे स्टॅबिलायझर नाही त्याला बसते, हे मला जास्त खुपतं.

खरोखर शोधायचं असेल तर प्लगमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर घ्या. समजा घरातलं बाकी सगळं बंद असताना तो 220 दाखवतो आणि गिझर लावल्यावर 204. गिझरचा करंट झाला 204 भागिले 26.4, म्हणजे 7.7 अँपिअर. पडलेले 16 व्होल्ट भागिले 7.7, म्हणजे तारेत आणि जोडांत मिळून दोन ओहमच्या आसपास रोध. 16 गुणिले 7.7, म्हणजे सव्वाशे वॅट वाटेतच तापून जातायत. ही घट मीटरच्या अलीकडे, तुमच्या वायरिंगमध्ये असेल तर तिचे पैसे तुम्ही भरताय, आणि सगळी एकाच ढिल्या जोडात असेल तर तिथे आग लागू शकते. लगेच वायरमनला बोलवा. खांबापासून मीटरपर्यंतच्या तारेत असेल तर ती वीज कंपनीने बदलून द्यायला हवी. आणि काहीच न लावताही संध्याकाळी 180 दिसत असेल तर वेळ आणि आकडा लिहून ‘कमी व्होल्टेज’ अशीच लेखी तक्रार करा, डीपीचा भार तपासायला सांगा. ‘बिल जास्त आलं’ अशी तक्रार केलीत तर मीटर तपासला जाईल, तो बरोबर निघेल आणि तक्रार बंद होईल.