कॉटरवर हातोडी, कपाची वाट

ठाण्यात दांडीची काळी सायकल अजून रोज चालते, हे दुकानदारांना खुपतं तरी का? पायडल कट्-कट् वाजलं की एकच उत्तर: "काका, भंगारात द्या." अहो, क्रँक (पायडलचा दांडा) मधल्या एक्सलला जखडणारी 9.5 मिमीची कॉटर पिन झिजलीय, सायकल नाही!

बरं, बदलायला घेतलीच तर क्रँकला आधार न देता दणादण हातोडी. तो मार थेट बीबीच्या, म्हणजे एक्सल फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या, छर्‍यांच्या कपात जातो. छर्‍यांचे खड्डे पडले की एक्सल कायमचा खरखरतो. क्रँकखाली जाड पाइपचा तुकडा जमिनीला टेकवून धरा, नट पिनेच्या टोकाबरोबर ठेवा म्हणजे आटे चेपत नाहीत, मग मारा. एवढं जड आहे?

नवी पिन सपाट बाजूने कानस मारून एक्सलच्या खाचेत पूर्ण बसवायची. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या, नाहीतर पायडलं एका रेषेत येत नाहीत. आणि नट आवळून पिन ओढू नका हो, आटेच जातात! आधी ठोका, मग नट. दोन-चार दिवस चालवून पुन्हा ठोकून आवळायची, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगतच नाही. मग कटकट परत सुरू, आणि दोष सायकलच्या वयाला.