पार्किंगमधला धक्का: ‘घाटावरचा प्रवासी’ यांना उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली आणि राग आला. सकाळी चहा घेताना पुन्हा वाचली तेव्हा राग निम्म्यावर आला होता. उत्तर लांबणार म्हणून प्रतिक्रियांच्या रकान्यात न कोंबता वेगळं लिहितोय.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मे महिन्यात गणपतीपुळ्याला पार्किंगमधून गाडी मागे घेताना मी एका उभ्या गाडीला ठोकलं. कोल्हापूरचं कुटुंब, दर्शनाला गेलेलं. त्यांच्या मागच्या बंपरला डाव्या कोपऱ्यात चीर गेली. मी थांबलो, त्यांना शोधलं, दुरुस्तीचे ११,५०० रुपये दिले आणि नंतर लेखात लिहिलं की असलं किरकोळ नुकसान आपसात मिटवावं, विम्याच्या वाटेला जाऊ नये.

त्यावर तुमचं म्हणणं असं: दोन वर्षांपूर्वी तारकर्लीत तुमच्या गाडीचा धक्का लागून एक उभी दुचाकी पडली. सहा-सात जण जमले. मुलं गाडीत रडत होती. “मगे बघूया नाय, आत्ता काय ता सांगा,” असं म्हणत आठ हजार घेतले, पावती मागितली तर हसले. “तुमच्यासारखे लोक ‘आपसात मिटवा’ लिहितात आणि त्याच नावाखाली कोकणात वसुली चालते. मग आम्ही हजारोंचा विमा कशाला भरतो? कायद्याने जे सांगितलंय ते लोकांना सांगा.”

वसुलीबद्दल तुमचं बरोबर आहे आणि माझ्या लेखात त्याचा उल्लेखही नव्हता. मी इथलाच, माझ्या गाडीवर एमएच ०८. मला गर्दीची भीती वाटत नाही, त्यामुळे ती लिहायची राहिली. गुहागरात माझं घरगुती खानावळ-निवासाचं काम आहे. शनिवार-रविवारी अंगणात पाच-सहा गाड्या असतात आणि दर आठवड्याला कुणीतरी चिऱ्याच्या गडग्याला घासतंच. नाक्यावर असले प्रसंग मी बरेच पाहिलेत. त्यात सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्याचा पडलेल्या गाडीशी बहुतेक वेळा काही संबंध नसतो. तो नुसता मोकळा असतो. खरा मालक बाजूला उभा राहून आरसा वाकडा झालाय का ते बघत असतो. म्हणून अशा वेळी पहिला प्रश्न एकच विचारायचा, गाडी कुणाची? बोलायचं ते त्याच्याशीच. दुसरं म्हणजे पैसे माणसाच्या हातात द्यायचेच नाहीत. “चला, मेकॅनिककडे जाऊ, तो सांगेल ते त्याला देतो,” म्हणायचं. ब्रेकचा लिव्हर, आरसा, इंडिकेटर, हँडल सरळ करणं एवढ्यासाठी आमच्या नाक्यावरचा मेकॅनिक आठ हजार मागायला धजणार नाही. आणि हेही चाललं नाही तर ११२ लावायचा. पोलीस येतात म्हटल्यावर सातातले पाच जण पांगतात.

तुमच्यावर झाली ती जबरदस्ती. मी लिहिली ती तडजोड. दोन्हींत पैसे हातोहात जातात म्हणून बाहेरून त्या सारख्या दिसतात, आणि हा फरक लेखात सांगायला हवा होता.

आता तुमचा मुख्य प्रश्न. विमा कशाला भरतो? इथे मी माझ्या मतावर ठाम आहे, फक्त लेखात कारण नीट मांडलं नव्हतं. लेख वाचून वाटतं की मी माझा नो क्लेम बोनस (वर्षभर क्लेम केला नाही म्हणून हप्त्यात मिळणारी सूट) वाचवायला पैसे दिले. पण मुद्दा माझ्या नाही, त्या कोल्हापूरकरांच्या बोनसचा होता.

समजा मी म्हटलं असतं, “साहेब, तुमचा विमा आहे ना, त्यातून करून घ्या.” हे वाक्य पार्किंगमध्ये सर्रास ऐकू येतं, आणि अगदी सभ्य सुरात. मग काय झालं असतं? बिल ११,५०० चं: नवा बंपर ६,०००, रंगकाम ४,०००, मजुरी १,५००. बंपर प्लास्टिकचा. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागाची निम्मी किंमत घसारा म्हणून कापतात, गाडी परवा शोरूममधून निघालेली असली तरी. तीन हजार गेले. रंगाच्या बिलातला पाव हिस्सा सामानाचा धरून त्याच्यावर पुन्हा निम्मा घसारा, म्हणजे ५००. वर १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीने स्वतःचे घालावे लागतात, त्याहून मोठ्या इंजिनाला २,०००. म्हणजे साडेचार हजार त्यांच्या खिशातून आणि सात हजार कंपनीकडून. ‘झिरो डेप’ (घसारा न कापण्याचं जादा संरक्षण) घेतलेलं असेल तर घसारा वाचतो, सक्तीचा हजार तरीही जातोच.

एवढ्यावर भागत नाही. त्यांची पाच वर्षं क्लेमशिवाय गेली होती, म्हणून नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर होता. हा बोनस हप्त्याच्या ‘ओडी’ भागावर मिळतो, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी जो हप्ता असतो त्यावर. हिशेब सोपा पडावा म्हणून तो भाग सवलतीआधी ९,००० धरू. एक क्लेम केला की बोनस शून्यावर येतो. त्यानंतर क्लेम न करता वर्षं काढत गेलं तर २०, २५, ३५, ४५ आणि मग कुठे पुन्हा ५०. पहिल्या वर्षी तोटा ५० टक्क्यांचा, दुसऱ्या वर्षी ३०, मग २५, १५ आणि ५. बेरीज १२५. म्हणजे एका वर्षाच्या पूर्ण ओडी हप्त्याच्या सव्वापट! ९,००० वर ११,२५०, आणि १८ टक्के जीएसटी धरला तर १३,२७५. गाडी जुनी होते तसा हा हप्ता उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा खाली येईल. तरी सात हजार मिळवण्यासाठी माणूस त्याहून जास्त गमावतो हे काही बदलत नाही.

आणि तो गमावणारा कोण? ज्याची गाडी उभी होती, जो दर्शनाच्या रांगेत होता, तो. चूक माझी आणि पाच वर्षांचा भुर्दंड त्याला. मला तरी हे पटत नाही.

तुम्ही म्हणाल, त्यांनी त्यांच्या नाही, माझ्या विम्यावर दावा करावा. थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, असतो तो याचसाठी. कागदावर अगदी बरोबर. गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं (हप्त्यात थोडी सूट मिळावी म्हणून कुणी ते ६,००० वर आणून ठेवलं असेल तर तेवढंच). त्या दाव्याने माझा ओडीचा बोनसही हलत नाही. पण तो दावा गॅरेजच्या काउंटरवर होत नाही. पोलिसांत नोंद, मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, वकील, तारखा. एका बंपरसाठी कोल्हापूरच्या माणसाने हे हेलपाटे का घालावेत? तो मुकाट्याने स्वतःचा विमा वापरतो, किंवा चीर तशीच ठेवून फिरतो.

तुमच्या तारकर्लीच्या दुचाकीवाल्याचंही बघा. आमच्याकडे जुन्या स्कूटरवर बहुधा फक्त थर्ड पार्टी विमा असतो, कारण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची सक्ती तेवढीच आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं त्याच्याकडे काहीच नसतं. तुम्ही त्याला “विम्यातून घे” म्हणालात तर त्याच्यासाठी त्याचा अर्थ “घरी जा” असाच होतो. त्या दिवशी त्या लोकांच्या आरडाओरड्यामागे हेही थोडं असणार. आठ हजारांचं समर्थन मी करत नाही. हजार-बाराशे त्याला मिळायलाच हवे होते, इतकंच म्हणतोय.

कायद्याचं म्हणालात, तिथे मात्र मी सपशेल चुकलो. मी लिहिलं होतं, “माणसाला लागलं नसेल तर पोलिसांचा काही संबंध नाही.” हे चूक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ फक्त जखमींसाठी नाही, दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तरी लागू होतं. जागेवर पोलीस नसेल तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, फार तर २४ तासांत कळवायचं, आणि विमा कंपनीलाही कळवायचं. ‘सार्वजनिक जागे’ची व्याख्याही रस्त्यापुरती नाही. लोकांना जायचा हक्क आहे अशी कुठलीही जागा तीत येते, तेव्हा ‘हे तर पार्किंग’ ही पळवाट धरून चालू नका. बंपरला चीर गेली म्हणून ठाण्यात जाणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही, मी स्वतःही गेलो नाही. पण लोक करत नाहीत आणि कायदा सांगत नाही या दोन वेगळ्या गोष्टी, आणि मी त्यांची गल्लत केली. कंपनीला कळवणं म्हणजे क्लेम करणं नव्हे, हेही यातच सांगतो. कळवलं म्हणून बोनस जात नाही, तो क्लेम घेतल्यावर जातो.

यालाच जोडून आणखी एक गोष्ट, जी तुम्हीही काढली नाहीत. पॉलिसीच्या छापील अटींत एक अट असते: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने जबाबदारी कबूल करायची नाही, पैसे देऊ करायचे नाहीत, वचन द्यायचं नाही. म्हणजे आज “चूक माझी, भरून देतो” असं लिहून द्यायचं आणि उद्या समोरच्याने पन्नास हजार मागितले की कंपनीकडे धावायचं, हे जमत नाही. दोन्ही डगरींवर हात ठेवता येत नाही. म्हणून मिटवायचं की नाही हे कागदावर सही करण्याआधी ठरवा, आणि नुकसान नक्की किती हे गॅरेजवाल्याने बंपर काढून बघितल्याशिवाय ठरवू नका. वरून ओरखडा दिसतो, आत सेन्सर फुटलेला असतो.

सेन्सर, एलईडी दिवा किंवा पत्र्याचे दोन-तीन पॅनेल गेले की माझा सगळा हिशेब उलटतो. आजकालच्या काही गाड्यांचा एक हेडलॅम्प माझ्या महिन्याच्या किराण्याहून महाग असतो. तिथे बोनस गेला तर जाऊ दे, क्लेम करा. पहिल्याच वर्षातली गाडी असेल तर बोनस अजून साठलेला नसतो, पुढच्या वर्षी मिळणारे २० टक्के तेवढे लांबतात. समोरची गाडी पिवळ्या पाटीची असेल तर दुरुस्तीबरोबर त्याचा बुडालेला धंदा येतो, तो आकडा जागेवर ठरवणं कठीण. आणि कुणाला खरचटलं जरी असेल तरी आपसात काही मिटवायचं नाही. आधी दवाखाना, मग पोलीस. यात मला तडजोड मान्य नाही, कितीही ओळखीचा माणूस असो.

कागद कसा लिहायचा हे चार जणांनी विचारलंय, तर आम्ही लिहिला तो असा: तारीख, जागा, दोन्ही गाड्यांचे नंबर, नुकसान कुठे (“मागचा बंपर, डावा कोपरा”), रक्कम, आणि “या घटनेबाबत उभयतांचं आता काही येणं-देणं नाही” एवढं एक वाक्य. दोघांच्या सह्या, कागदाचा आणि बंपरचा फोटो, पैसे यूपीआयने. मूळ लेखात ‘चूक माझी’ असंही लिहा म्हटलं होतं. ते नका लिहू, त्याचं कारण वर पॉलिसीच्या अटीपाशी आलंय.

तुमच्या प्रतिक्रियेखाली एका वाचकाने सल्ला दिलाय की ओरखडे साठवत राहायचे आणि वर्षाखेरीस एकाच क्लेममध्ये सगळी गाडी रंगवून घ्यायची, गॅरेजवाला सगळं जमवून देतो. नाही. प्रत्येक धक्का हा वेगळा क्लेम आणि प्रत्येकाला सक्तीचे हजार वेगळे. पाच घटनांची एक गोष्ट रचून सांगणं म्हणजे कंपनीला फसवणं, त्याला दुसरा शब्द नाही. शिवाय आमच्याकडे ते परवडतही नाही. घाटावर पत्र्यापर्यंत गेलेला ओरखडा महिनोन्‌महिने तसाच राहत असेल. इथे खाऱ्या हवेत, त्यात पावसाळा असेल तर, बघता बघता तांबडी रेघ उमटते आणि रंगाखाली सरकत जाते. विमा गंजाचे पैसे देत नाही. पत्रा उघडा पडला असेल तर निदान टचअपचा हात त्याच आठवड्यात फिरवा.

मूळ लेखातलं पोलिसांबद्दलचं वाक्य आज खोडलंय, आणि गर्दीत अडकलात तर काय करायचं ते त्या लेखात सगळ्यात वर टाकलंय. तुम्हाला हरकत नसेल तर तुमचा तारकर्लीचा अनुभव तिथे तुमच्याच शब्दांत जोडतो.

“विम्याशिवाय मिटत नाही असं एक तरी नुकसान सांगा,” असंही तुम्ही शेवटी खोचकपणे विचारलंत. सांगतो. गेल्या वर्षी माझ्याच अंगणात, माझ्याच माडावरून, पाहुण्यांच्या गाडीच्या टपावर नारळ पडला. टपाला पोचा आला, पुढची काचही गेली. मिटवायचं कुणाशी? पाहुणे माझ्याकडे बघतात, मी माडाकडे. शेवटी त्यांनी क्लेम केला, काचेवर घसारा लागत नाही म्हणून तेवढे तरी वाचले, आणि सक्तीचे हजार मी त्यांच्या जेवणाच्या बिलातून वळते केले. तेव्हापासून त्या माडाला दोरी बांधून पाटी लावली आहे. गुहागरला आलात तर गाडी उजवीकडे, गडग्यापासून दोन हात सोडून लावा.