परदेशातून : बाही सव्वीस, ढिला नको

आमच्या घरच्या ग्रुपवर गेले पंधरा दिवस एकच वाद चालू आहे. माझ्या भाच्याचा साखरपुडा मार्गशीर्षात आहे. त्याची उंची सहा फूट दोन इंच, वजन जेमतेम पासष्ट किलो, आणि ठाण्यात नौपाड्यातल्या ज्या टेलरकाकांनी आधी माझे व नंतर त्याचे कपडे शिवले, त्यांनी गुढीपाडव्यानंतर दुकानाला कायमचे कुलूप लावले. ताईने घोडबंदर रोडवरच्या एका मॉलमधून त्याच्यासाठी डबल एक्सएल कुर्ता आणला, कारण गुडघ्यापर्यंत पोहोचणारा तो एकच होता. फोटोत तो कुर्ता भाच्याने घातलेला दिसत नाही, खुंटीला टांगल्यासारखा दिसतो. त्यावर घरात दोन पक्ष पडले. भावोजींच्या मते दोष कुर्त्याचा नाही, पोराचा आहे : “चार महिने जिमला जा, अंडी खा, अंगावर जरा मांस चढू दे.” धाकट्या मंडळींचे म्हणणे असे की भारतीयांचा स्वतःचा साइज चार्ट एकदा आला की हा प्रश्नच उरणार नाही.

मी स्वतः सहा फूट तीन इंच, तसाच शिडशिडीत, आणि गेली आठ वर्षे नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला राहतो. त्यामुळे या वादात मला दोन्हीकडून साक्षीला बोलावले गेले, आणि दोन्ही बाजूंची माझ्या साक्षीने निराशाच झाली.

चार्टाचे आधी पाहू. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी म्हणजे ‘निफ्ट’ने ‘इंडियासाइज’ नावाचा प्रकल्प हाती घेतला, त्यात मुंबईसह सहा शहरांतल्या २५,००० स्त्रीपुरुषांची मापे थ्रीडी स्कॅनरने घ्यायची योजना होती. परदेशी मापांवर बेतलेले कपडे आपण इतकी वर्षे घालत आलो, तेव्हा हे काम व्हायलाच हवे होते. पण स्मॉल, मीडियम, लार्ज, एक्स्ट्रा लार्ज ही एकच शिडी आहे, आणि त्या शिडीवर माणूस जसा उंच होतो तसाच रुंदही होतो असे गृहीत धरलेले असते. शिडी एकच राहणार असेल, तर ती देशी असो की विदेशी, आमच्यासारख्यांच्या वाट्याला मनगटावर आखूड किंवा पोटावर ढगळ यांतलेच काहीतरी येणार.

इथे ही गाठ बऱ्यापैकी सुटलेली आहे, कारण इथे उंची ही अडचण नसून रोजची बाब आहे. २००१ साली जन्मलेल्या डच मुलांची सरासरी उंची १८२.९ सेंटीमीटर भरली, आणि ती १९८० साली जन्मलेल्यांपेक्षा एका सेंटीमीटरने कमी निघाली म्हणून इथे बातम्या झाल्या. नव्या घरांच्या दारांची उंची नियमानेच किमान २.३ मीटर असते. (ठाण्याच्या फलाटावर गाडीत चढताच लोकलच्या कड्यांनी ज्याचे कान शेकले आहेत, त्यालाच या आकड्याचे मोल कळेल.) पँटवर कंबर आणि लांबी असे दोन स्वतंत्र आकडे असतात, शर्टात लांब बाहीचा सात नंबर वेगळा मिळतो, आणि कोटांमध्ये तर उंच, सडपातळ माणसांसाठी ९४, ९८, १०२ अशी आकड्यांची वेगळी ओळच असते. आल्या वर्षी मी त्या ओळीतला पहिला कोट अंगावर चढवला आणि हात खाली सोडले, तेव्हा मनगटाचे हाड बाहीच्या आत गेले. तयार कपड्यात हे माझ्या आयुष्यात प्रथमच घडत होते, आणि मी दुकानात उगाचच दोनतीनदा हात वरखाली करून पाहिला.

तरी शर्टांचे काही जमले नाही. डच माणूस उंच असतो तसा खांद्यांतही रुंद असतो, त्यामुळे सात नंबरच्या बाहीबरोबर पाठीला शीड मिळते, आणि दोन्ही बाजू आत घ्यायला शर्टाच्या निम्म्या किमतीइतकी मजुरी मोजावी लागते. नौपाड्यात हेच काम चहा येईपर्यंत होत असे. टेलरकाका गळ्यातली टेप काढून माझ्या खांद्याला लावण्यासाठी स्टुलावर चढत, माप मोठ्याने सांगत, कारागीर वहीत लिहून घेई, आणि “अजून वाढतोय हा” म्हणून पँटच्या आत तीन इंच कापड दुमडून ठेवले जाई. मात्र त्यांना मी देव्हाऱ्यात बसवणार नाही. अंग भरल्यासारखे दिसावे म्हणून ते प्रत्येक शर्ट न विचारता दोन इंच ढिला ठेवत, आणि सैल कापडात किडकिडीत माणूस आणखीच किडकिडीत दिसतो हे मला कॉलेज संपेपर्यंत कोणी सांगितले नाही. आडव्या पट्ट्यांनी माणूस भरलेला दिसतो, हाही त्यांचाच सल्ला. आडव्या रेघांचा चौरस उभ्या रेघांच्या चौरसापेक्षा उंच आणि अरुंद भासतो, हे हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवले होते. उपयोग होतो तो वेगळ्याच गोष्टींचा : जरा जाड कापड, खांद्याची शिवण नेमकी हाडावर, कोट बैठक झाकेल इतका लांब, वरखाली वेगळे रंग, आणि पँटच्या मोहरीला बाहेरून दुमड.

राहिले भावोजी. शाळेत असताना त्यांनी बेलबॉटमसाठी घर डोक्यावर घेतले होते, हे ताईनेच मला सांगितले आहे, आणि ते कोणाला पाहून हे विचारायची गरज नाही. १९७५च्या ‘दीवार’मध्ये अमिताभ बच्चन यांच्या शर्टाला कंबरेशी गाठ आहे, कारण तो गुडघ्याखाली जाईल इतका लांब शिवला गेला होता आणि दुसरा आणायला वेळ नव्हता, असे त्यांनीच पुढे सांगितले. त्या सडपातळ, उंच माणसाला कोणी अंडी खायला सांगितली नाहीत; कापडाला गाठ मारली गेली. एका पिढीने ती ऐट म्हणून मिरवली, आणि तीच पिढी आज आपल्या मुलांना शेवग्याची शेंग म्हणते. इथे कोणी कोणाच्या हाडांवर बोलत नाही, याचे मला सुख आहे. अर्थात कॉलर मागे दुमडलेली राहिली तर तेही कोणी सांगत नाही, आणि मी दिवसभर तसाच फिरतो.

म्हणून माझी साक्ष एवढीच होती की तो कुर्ता परत करा, जांभळी नाक्याला जाऊन साडेतीन मीटर जाडसर खादी सिल्क घ्या, लांबी तुटावी म्हणून वर दुसऱ्या रंगाचे बिनबाह्यांचे जाकीट घाला, आणि ठाण्यात मापे घेणारा अजून कोणी उरला असेल त्याला गाठा. ताईला टेंभी नाक्याजवळ जिन्याखाली मशीन मांडून बसलेले एक काका सापडले. काल भाच्याने मापाची चिठ्ठी पाठवली : लांबी ४७, बाही २६, आणि खाली स्वतःच्या अक्षरात, अधोरेखित करून, ‘ढिला नको’. भावोजींनी अजून त्यावर अंगठा दिलेला नाही.