दोन तारा म्हणजे उंदराच्या मिशा नव्हेत

‘उंदराच्या मिशा म्हणजे अँटेना. रोबोटला स्टीलच्या दोन तारा आणि लिमिट स्विच लावा, बाकीचे सेन्सर काढून टाका. अंधारातही फुल स्पीडने खोलीचा नकाशा बनवेल!’ हा फॉरवर्ड वाचून भाची तिच्या रोबोटचे अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारे) काढायला निघाली होती, म्हणून हा खटाटोप.

आधी ते ‘फुल स्पीड’, कारण नुकसान तिथंच आहे. मिशी टेकेपर्यंत काही सांगत नाही, त्यामुळे थांबायला जागा मिळते ती फार तर तिच्या लांबीइतकी. मिशी 10 सेंमी, वेग सेकंदाला 1 मीटर आणि ब्रेक 2 मी/से² धरला, तर थांबायला 25 सेंमी लागतात. कंट्रोल लूप, म्हणजे सेन्सर वाचून मोटरला हुकूम देण्याची एक फेरी, 50 मिलिसेकंदांचा असेल तर वर आणखी 5. नाक भिंतीत! वेग 0.4 वर आणा, मग 4 अधिक 2, सहा सेंमीत भागतं. आणि जिना? पुढे रोखलेल्या मिशीला खाली संपलेली जमीन कळत नाही.

अँटेना वगैरे काही नाही. केसात नस नसते, सगळी जाणीव मुळाशी.

नकाशासाठी स्विच कुचकामी: तो फक्त ‘लागलं’ एवढंच बोलतो. कुठल्या दिशेनं, किती जोरात, हे हवं तर मिशीचं मूळ सिलिकॉन रबरात बसवा, मुळाच्या खालच्या टोकाला छोटं मॅग्नेट आणि त्याखाली तीन अक्षांचा हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र मोजणारा). मोटर जवळ असेल तर तिचं चुंबक रीडिंग बिघडवतं. रबर शून्यावर सावकाश परततं. झटकन वळताना मिशी स्वतःच डुलते आणि खोटा स्पर्श दिसतो. म्हणून मोकळ्या जागेत सगळ्या वेगांवर रीडिंग घेऊन ते वजा करायचं. तार जाड नको: व्यास दुप्पट झाला की ताठरपणा 16 पट.

शिवाय उंदीर मिशा स्थिर ठेवतच नाही. 2007 मध्ये ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द रॉयल सोसायटी बी’मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं, की एका बाजूला स्पर्श झाला की त्या बाजूच्या मिशांची पुढची झेप आखडते, दुसऱ्या बाजूची वाढते. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल आणि शेफील्डच्या संशोधक गटांनी स्क्रॅचबॉट नावाच्या रोबोटमध्ये हेच उतरवलं, मोटरवर हलणाऱ्या मिशा लावून.

एक मान्य, नाइलाजानं: काच, धूर, धूळ यांत कॅमेरा गोंधळतो, मिशी नाही. पण अंधाराचं कारण देऊन अल्ट्रासॉनिक काढायचा? त्याला उजेड लागतो कधी!